न दिलेलं

माझ्या पोटात तीन किडन्या आहेत आणि तिन्ही बंद आहेत. दोन माझ्या, एक माझ्या बहिणीची. आठवड्यातून दोनदा ठाण्याला डायलिसिसच्या मशिनवर चार-चार तास पडून राहतो. डाव्या हाताला सुया असतात, उजवा मोकळा असतो, म्हणून लिहितो आहे.

शेजारच्या खाटेवर नुकत्याच एक बाई येऊ लागल्या आहेत. त्यांचा भाऊ त्यांना किडनी देणार आहे, असं त्यांचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कौतुकाने सांगतात. तो भाऊ दाराशी उभा असतो आणि काही बोलत नाही. हे सगळं मी खरं तर त्याच्यासाठी लिहितो आहे.

आजाराची माहिती डॉक्टर देतील, त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त आहे. मी एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल सांगणार आहे.

सर, तुम्ही रडलात का?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिशीतला, कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. राहायला शहाडला, वडिलांच्या वेळच्या दोन खोल्यांत. वडील मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होते, ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात आई, बायको शैला, दोन वर्षांचा मुलगा, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण विमल. विमल डोंबिवलीला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जायची.

एके सकाळी सहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही रडलात का?" माझे डोळे सुजले होते. मी तिला गप्प बसवलं आणि धडा सुरू केला. पाय तर महिनाभर सुजत होते, चपलेचा पट्टा रुतायचा, जेवण समोर आलं की मळमळायचं. तपासायला गेलो तो शैलाने रडून ओरडून पाठवलं म्हणून.

कल्याणच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "बरोबर कोण आलंय?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलेलोच होतो.

दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? चाचणीचे चाळीस पेपर तपासायचे राहिलेत, हे. भीती त्यानंतर आली, रिक्षात बसल्यावर. ती आली ती मात्र मुक्कामालाच.

पाणी

या आजारात माणसाला तहानेचा खरा अर्थ कळतो. दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं, चहा-वरण सगळं त्यातच धरायचं. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून, परत उकळून करायच्या. त्यात मीठ नाही. अशी दुधी भोपळ्याची भाजी दोन महिने खाल्ली की माणूस आपोआप विरक्त होतो.

हे सगळं विमलने अंगावर घेतलं. कामावरून आली की हातपाय धुवायची आणि भाज्या उकळायला ठेवायची. माझं पाणी ती एका बाटलीत भरून ठेवायची. बाटलीवर तिने पेनाने रेघा मारल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. रेघ ओलांडली की ओरडायची, "दादा, उद्याचं आज पितोयस हं!"

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या सगळ्या काळात विमल माझ्यासमोर कधी पाणी प्यायली नाही. घामाघूम होऊन घरी यायची, पण आधी शेजारच्या घरी जाऊन पाणी पिऊन यायची. शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

येणारे-जाणारे सगळे विचारायचे, "बरं आहे ना?" आपल्याकडचा हा प्रश्न मोठा सोयीचा. त्यातच उत्तर घातलेलं असतं, आजाऱ्याने फक्त मान हलवायची. मीही हलवायचो. शैला विचारायची, "जेवलात का?" आई विचारायची, "झोप लागली का?" यापुढे आमच्या घरात कधी कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. आम्ही एकमेकांसाठी मर मर मरायचो, पण विचारायचो नाही.

आणि गंमत बघा, वस्तीत मी ओळखला जायचो तो प्रश्नांसाठीच. आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन मी करायचो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि अर्थ सांगायचा. शेवटी मी चष्मा काढून विचारायचो, "कुणाला प्रश्न?" विचारल्याशिवाय काही मानू नका, असं लोकांना ऐटीत सांगायचो.

विमल हाय ना

डॉक्टर म्हणाले, मशिनवर किती दिवस काढणार, वय लहान आहे, घरातल्या कुणाची किडनी जुळते का बघा. शैलाचा रक्तगट जुळेना. आईला साखर. त्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो. शैला पदराने डोळे पुसत होती.

आई म्हणाली, "मधू, तू कशाला काळजी करतो? विमल हाय ना."

तेवढंच. विमल तिथेच तांदूळ निवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. शैलाने उठून तिला मिठी मारली. ठरलं.

मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिलं नाही तर या लिहिण्याला काही अर्थ नाही. मला आनंद झाला. जगणार म्हणून आनंद झाला. आणि त्याच वेळी मनात आलं, हिला विचारायला हवं. एकदा बाजूला घेऊन, "विमल, तुला द्यायची आहे का?" असं विचारायला हवं. पण ती नाही म्हणाली तर? ते उत्तर ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मग मी न विचारण्याला नाव दिलं. म्हटलं, विचारून तिचा अपमान कशाला करायचा, सख्खी बहीण आहे.

तेव्हा तिच्या लग्नाचं डोंबिवलीतल्या एका स्थळाशी चाललं होतं. बघणं झालं होतं, दोन्हीकडून पसंती होती. आईने किडनीचं लपवलं नाही. मुलाकडचे येऊन चहा पिऊन गेले आणि आठवड्याने निरोप आला की पत्रिकेचं वगैरे काही नाही, पण आमच्या आजीला पटत नाही. आई त्यांना दिवसभर शिव्या घालत होती. विमलने त्या दिवशीही माझी भाजी दोनदा उकळली आणि दोनदा पाणी फेकलं.

ऑपरेशन मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात होणार होतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं, विमलशी एकटीशी बोलायचं होतं. आई उठलीच नाही. "ती लाजाळू हाय, मी थांबते," म्हणाली. दार अर्धवट उघडं होतं, मी बाकावरून ऐकत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाळ, तू स्वतःच्या मर्जीने देतेस ना?" आई म्हणाली, "हो तर! भावावर लई जीव हाय तिचा."

मला तिथून विमलचा चेहरा दिसत होता. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

झाली, झाली!

किडनी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त दुखतं, हे फार कुणाला माहीत नसतं. मला पोटावर खाली टाके होते. विमलला कमरेपासून बरगडीपर्यंत मागून पुढे फाडलं होतं. तिला खोकला आला की ती उशी पोटाशी घट्ट धरायची, असं शैला सांगायची. मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, येणारा प्रत्येक जण तोंडाला फडकं बांधून.

नवीन किडनी चालू झाली की नाही हे लघवीवरून कळतं. नर्सने पिशवी उचलून दाखवली आणि शैला विमलच्या वॉर्डकडे पळत सुटली, "झाली! झाली!" मोहन्याच्या मावशीने तर पेढे वाटले. लघवीवरून पेढे वाटणारं आमचं पहिलंच घराणं असावं. मी पोटभर पाणी प्यायलो. एक पूर्ण तांब्या. त्या तांब्याची चव मला आज सुया टोचलेल्या असतानाही आठवते आणि जीव कासावीस होतो.

पाच दिवसांनी विमल भिंत धरत धरत माझ्या दाराशी आली. काचेतून तिने हात केला. मी आतून ओरडून विचारलं, "बरं आहे ना?"

तिने मान हलवली.

सत्कार

पुढच्या वर्षी वर्षावासाच्या समारोपाला आम्ही विहारात विमलचा सत्कार केला. कल्पना माझीच. गोळ्यांनी माझा चेहरा गोल गरगरीत झाला होता, पण आवाज शाबूत होता. दान या विषयावर अर्धा तास बोललो. धनाचं दान, श्रमाचं दान, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे स्वतःच्या देहातलं दान. माझ्या बहिणीने ते कसं हसत हसत केलं, हेही सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. सगळे एका सुरात "साधू, साधू, साधू" म्हणाले. विमलच्या खांद्यावर शाल आणि हातात फुलं होती, आणि ती खाली बघत होती. मी म्हटलं, लाजतेय.

ती शाल प्लास्टिकच्या पिशवीत फळीवर पडून राहिली. किती थंडी पडली तरी तिने ती काढली नाही.

लग्नाचं पुढे जमलं नाही. दोन-तीन स्थळं आली, एका किडनीची मुलगी म्हणून परत गेली. हळूहळू आईने बघणं सोडून दिलं. विमल कामावर जायची, घरी यायची, माझ्या मुलाचा अभ्यास घ्यायची. अशी सात वर्षं गेली. मी शाळेत शिकवत होतो, पाणी पीत होतो, विहारात वाचत होतो.

सखूआजीची म्हैस

त्या वर्षी एका संध्याकाळी पंचशीलाचा विषय होता. दुसरं शील मी नेहमीसारखंच सांगितलं, म्हणजे चोरी करू नये. मग चष्मा काढला. "कुणाला प्रश्न?"

सखूआजी हात वर करून उठल्या. सत्तरीच्या, साताऱ्याकडच्या, पहिल्या ओळीत बसून अर्धा वेळ पेंगणाऱ्या. त्या दिवशी जाग्या होत्या.

"भाऊ, चोरीचं कळलं. पर शिलात तर म्हणत्यात, न दिलेलं घेणार नाही. व्हय ना? मग माझं ऐक. माझं मालक गेलं तवा माझ्या दिरानं माझी म्हस सोडून नेली, माझ्या म्होरनं. म्या नको म्हटलं नाही, आन् ने बी म्हटलं नाही. मला कुणी इचारलंच नाही. मंग ती चोरी का नाही?"

लोक हसले. मीही हसलो आणि उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"चोरीच ती, आजी."

विमल होती. एवढं बोलून ती उठली आणि मूर्तीपुढच्या विझलेल्या मेणबत्त्या गोळा करायला लागली. ऑपरेशननंतरही सात वर्षं हे शील मी लोकांकडून वदवून घेत होतो, मी पुढे आणि माझ्यामागून सगळी वस्ती. त्यात तीही म्हणत होती. मला त्या दिवशी शेवटी म्हणायचं सरणत्तय पुरं करता आलं नाही. मध्येच चष्मा खिशात घालून खाली बसलो.

तू आता का विचारतोस?

दुसऱ्या दिवशी रविवार. आई आणि शैला बाजाराला गेलेल्या. विमल मेथी निवडत होती. मी समोर जाऊन बसलो आणि विचारलं, "विमल, तुला किडनी द्यायची होती का?"

तिने वर बघितलं नाही. "तू आता का विचारतोस?"

"तेव्हा विचारलं नाही म्हणून."

तिने हातातला देठ मोडला. मग म्हणाली, "नव्हती द्यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? डॉक्टरनी मला विचारलं तर आईच बोलली. तू बाहेर बसलेलास. मी तुझ्याकडे बघत होते रे, म्हटलं दादा आत येईल, मला एकदा विचारेल. तू कॅलेंडर बघत होतास."

मला वाटत होतं तिला ते दिसलं नसेल.

"मी एवढी घाबरलेले ना दादा, की रोज कंपनीच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आणि त्या डोंबिवलीच्या मुलाने मला काय विचारलेलं माहितीये? बघायला आले तेव्हा, तुम्ही सगळे आत गेलेलात. त्याने विचारलं, तुम्हाला एकट्या असताना काय करायला आवडतं. मला तोपर्यंत असं कुणी काही विचारलंच नव्हतं. मला उत्तर पण आलं नाही."

मी म्हटलं, "मी तेव्हा विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस?"

आता तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"दोन दिवस रडले असते. तुझ्याशी भांडले असते. आणि मग दिली असती. तुला नाही देणार तर कुणाला देणार, सांग ना? पण मला देऊ तरी द्यायचं होतंस, दादा."

तिने मेथीची जुडी तशीच टाकली आणि बाहेर गेली. मी देठ गोळा करत बसलो. एवढा रडलो की बाजारातून आलेल्या शैलाने आधी माझ्या पोटाला हात लावून बघितला, काही दुखतंय का म्हणून.

आईला कळलं तेव्हा ती मलाच म्हणाली, "नसतं कशाला उकरून काढलंस? झालेलं गेलेलं." विमलने त्यानंतर महिनाभरात कोलशेतला एका कंपनीत काम धरलं आणि तिथेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. जाताना तिने सगळं नेलं. शाल फळीवरच होती. वाचनाला मी पुन्हा बसलो नाही.

कोलशेत

मी दर पंधरा दिवसांनी कोलशेतला जाऊ लागलो. विचारायला शिकायचं वय उलटून गेलं होतं आणि मला ते येतही नव्हतं. पगार किती, पाणी किती वाजता येतं, मैत्रीण कुठली, असं सगळं विचारून झाल्यावर विमल म्हणाली, "दादा, शिरगणतीला आलायस का?" दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

हळूहळू जमलं. मला एवढंच कळलंय की ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची आपल्याला भीती वाटते, तो आधी विचारावा. आणि विचारून झालं की गप्प बसावं. मध्येच समजूत घालायला जाऊ नये, आपली बाजू तर मुळीच सांगू नये. विमल कधी बोलायची, कधी खाडीकडे बघत बसायची. एकदा तिने ऑपरेशनच्या सकाळबद्दल सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही तिच्याकडे ते मागितलं नाही, तिच्याकडून माझं आधीच पुष्कळ घेऊन झालेलं होतं.

परवा मी त्या दाराशी उभ्या असलेल्या भावाला बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. त्याला म्हटलं, "माझा काही संबंध नाही, पण तुम्हाला द्यायची आहे का?" त्याने पेला खाली ठेवला. "मला हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत," म्हणाला. पुढे तो बराच वेळ बोलला.

एक सांगायचं राहिलं

नवव्या वर्षी डॉक्टर म्हणाले की ही किडनीही चालली. औषधांनी जेवढं रेटता येतं तेवढं रेटलं होतं. शैलाला सांगणं सोपं होतं. विमलला सांगायला मी दोनदा कोलशेतला गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुपार होती, ती कपडे घडी करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तुझी किडनी गेली, विमल. मला सांभाळता नाही आली."

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग विचारलं, "दुखतं?"

"नाही."

"तुला भीती वाटते?"

माझ्या सगळ्या आजारपणात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. तिने घाबरू नको वगैरे काही म्हटलं नाही, नुसती जवळ येऊन उभी राहिली.

"कुठे असते ती?" तिने विचारलं. नऊ वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं आणि मी दाखवलं नव्हतं. मी ओटीपोटाच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिने सदऱ्यावरून तिथे हात ठेवला.

"एवढी पुढे? मला वाटायचं पाठीत असेल. माझी मागूनच काढली ना." मग हात तसाच ठेवून म्हणाली, "आता काढणार?"

"नाही. त्रास दिला नाही तर आतच ठेवतात."

बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, बादल्या वाजत होत्या. विमलचा हात तिथेच होता.

"राहू दे मग," ती म्हणाली. "आता दिली."